धाराशिवचं माळरान आणि त्याचे जुने कागद

पत्रिकेवर आजचा विषय 'मराठवाड्यातील भूधारणेचा इतिहास' असा छापलाय. नाव जड आहे, त्याला माझा इलाज नाही. पण हा विषय मी का घेतला ते आधी सांगतो.

माझे मेहुणे शाळामास्तर. 1998 साली त्यांनी फंडातून पैसे काढले आणि धाराशिव शहरापासून आठ-दहा किलोमीटरवर डांबरी रस्त्याला लागून दोन एकर माळ घेतला. शेती करायची नव्हती. "पोरीच्या लग्नापर्यंत भाव येईल," एवढाच हिशेब. खरेदीखत रीतसर नोंदवलं, फेरफार झाला, सातबाऱ्यावर नाव लागलं. वीस वर्षं दर उन्हाळ्यात ते तिथं जायचे आणि बांधावरचे दगड मोजून परत यायचे. मग विकायची वेळ आली. गिऱ्हाईक मिळालं, विसार ठरला, आणि गिऱ्हाइकाच्या वकिलानं अभिलेख कक्षातून एक जुना उतारा काढून आणला. त्या सर्व्हे नंबरासमोर एक शब्द होता: मददमाश. सौदा तिथंच मोडला. पुढं सातबाऱ्यावरही 'भोगवटादार वर्ग 2' असं आलं.

घरात इतिहासाचा मास्तर मीच, म्हणून फोन मला आला. "दाजी, हा मददमाश कोण?" त्यांना ते कुणा माणसाचं नाव वाटलं होतं.

तर त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे आजचं व्याख्यान. इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी कुठं ना कुठं माळ घेऊन ठेवला असेल, किंवा घ्यायचा विचार असेल. रिकामी जमीन घेताना माणूस रस्ता बघतो, भाव बघतो, पाणी लागेल का बघतो. धाराशिव जिल्ह्यात मात्र आणखी एक गोष्ट बघावी लागते, आणि ती जमिनीवर उभं राहून दिसत नाही. या मातीवर गेल्या पावणेदोनशे वर्षांत किती वेगवेगळ्या सत्तांनी आपापल्या वह्या उघडल्या, आणि त्यातल्या किती अजून मिटलेल्या नाहीत, ही ती गोष्ट.

सुरुवात नळदुर्गपासून करू. 1853 साली फौजेच्या कर्जापोटी निजामानं वऱ्हाड, रायचूरचा दोआब आणि आपला हा धाराशिव-नळदुर्गचा मुलूख कंपनी सरकारकडे लावून दिला. नळदुर्गला अधिकारी म्हणून आला मेडोज टेलर. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लिहिणारा तोच. आपण त्याला कादंबरीकार म्हणून ओळखतो, पण या जिल्ह्याच्या दृष्टीनं त्याचं मोठं काम म्हणजे त्यानं इथल्या जमिनीच्या मोजणीला हात घातला. 1857 च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला, त्याची परतफेड म्हणून 1860 मध्ये हा मुलूख त्याला परत मिळाला. म्हणजे सात वर्षं कंपनीची वही, आधी आणि नंतर निजामाची. पुढं सालारजंगाच्या काळात हैदराबादेनं मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जिल्हे आखले, रयतवारी आणली, मोजणी-आकारणीचं खातं काढलं. आज तुमच्या सातबाऱ्यावर जो 'आकार' दिसतो त्याचं मूळ तिथं आहे. 1904 मध्ये जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गहून धाराशिवला आलं आणि नाव उस्मानाबाद झालं. ते 2023 मध्ये पुन्हा धाराशिव झालं.

आता रयतवारी म्हटलं की आपल्याला वाटतं, सरकार आणि शेतकरी, मध्ये कुणी नाही. निजामाच्या राज्यात हे अर्धंच खरं होतं. दिवाणी म्हणजे खालसा मुलखात रयतवारी. पण त्याशिवाय काही मुलूख खुद्द निजामाच्या खासगी खर्चासाठी राखलेला, त्याला सर्फ-ए-खास म्हणत. काही गावं पायगा अमिरांची. काही जहागिरींची. आणि खालशातल्या गावांतसुद्धा इकडं दहा एकर, तिकडं तीस एकर असे इनामांचे तुकडे विखुरलेले. एकाच शिवारात चार प्रकारचे मालक, आणि दिसायला सगळं सारखंच: काळी माती, मुरूम, बाभळी.

इनामांत दोन शब्द पाठ करून ठेवा. घाई असेल त्यांनी एवढं ऐकून गेलं तरी चालेल. मददमाश म्हणजे एखाद्याच्या उपजीविकेला मदत म्हणून दिलेली जमीन: विद्वान, फकीर, ब्राह्मण, कुणीही. ती व्यक्तीला दिलेली. खिदमतमाश म्हणजे सेवेच्या बदल्यात दिलेली. देवळातली पूजा, दिवाबत्ती, नगारा, मशिदीतली अजान, दर्ग्याची झाडलोट. ती माणसाच्या हाती असली तरी खरी देवाची किंवा दर्ग्याची. सेवा करणारा तिचं पीक खाऊ शकतो, जमीन विकू शकत नाही. चौकशी होऊन इनाम मंजूर झालं की त्याचा जो दाखला मिळे त्याला मुंतखब म्हणत. उर्दू-फारसीतला एक कागद, त्यावर इनाम कुणाला, कशासाठी, किती आणि कोणत्या अटीवर. मी असे बरेच पाहिलेत. मेहुण्यांच्या वकिलाला जे सापडलं त्याचं मूळ अशाच एका कागदात होतं.

मग आला 1948 चा सप्टेंबर. 17 तारखेला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. आपण तो दिवस मुक्तिदिन म्हणून साजरा करतो आणि करायलाच हवा. रझाकारांनी या जिल्ह्यातल्या गावांवर काय गुजारलं ते आपल्या आजोबांनी सांगितलेलं आहे. पण जमिनीचा इतिहास सांगताना त्यानंतरचे आठवडे गाळता येत नाहीत. केंद्र सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं ज्या चार जिल्ह्यांत सर्वांत जास्त मनुष्यहानी झाल्याचं नोंदवलं, त्यात उस्मानाबाद होता. मुसलमानांची कुटुंबंच्या कुटुंबं गाव सोडून गेली. काही परत आली, काही नाही. त्यांच्या जमिनी मागं राहिल्या. काही शेजाऱ्यांनी सांभाळल्या, काही बळकावल्या, काही मिळेल त्या भावाला विकल्या गेल्या, काही सरकारच्या निर्वासित मालमत्ता खात्याकडे गेल्या. त्या दोन-तीन वर्षांतला फेरफार दिसला की मी तरी दोनदा वाचतो. कुणी दिलं, कुठं राहून दिलं, सही कुणाची. सभ्य घरांत हा विषय निघत नाही. वहीत मात्र तो आहे.

त्यापुढची दहा-बारा वर्षं म्हणजे कायद्यांचा पाऊस. 1949 मध्ये सर्फ-ए-खास दिवाणीत विलीन झालं आणि जहागिरी रद्द झाल्या. 1950 मध्ये हैदराबादचा कूळकायदा. 1952 मध्ये अतियात चौकशीचा कायदा, म्हणजे इनामांचे हक्क आणि वारस ठरवण्याचा. 1954 मध्ये इनामे रद्द करण्याचा कायदा, अंमल 1955 पासून. आणि याच धांदलीत 1954-55 ला गावोगाव तयार झालं खासरा पत्रक: कोणता नंबर, मालक कोण, कसतो कोण, कूळ आहे का, इनाम आहे का.

हे नाव तुम्ही अलीकडे ऐकलंय. 2023 च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या प्रत्येक तहसिलीत गठ्ठे सोडायला सुरुवात झाली. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, उर्दू, मोडी, सगळं बाहेर. तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. माझ्या एका विद्यार्थ्याला त्या दोन महिन्यांत जितकं काम मिळालं तितकं आधीच्या दहा वर्षांत मिळालं नव्हतं. मी त्याला म्हटलं, अरे, आता जमीन घेणाऱ्यांसाठी पाटी लाव. गंमत सोडा, पण जात शोधायला आपण जे गठ्ठे सोडले ते लाखो रुपयांची जमीन घेताना सोडत नाही, हे मला नवलाचं वाटतं.

इनाम रद्द झालं म्हणजे नेमकं काय झालं? इथंच सगळी गोम आहे. लोक म्हणतात, "इनामं 1954 लाच गेली की." गेली, पण सगळी नाही आणि सगळी सारखी नाही. व्यक्तीची इनामं सरकारजमा झाली आणि मग जमीन ज्याच्या ताब्यात होती त्याला, म्हणजे इनामदाराला, जुन्या कब्जेदाराला किंवा कुळाला भोगवट्याचा हक्क देण्यात आला. पण अटींवर. सरकारात रक्कम भरायची, आणि परवानगीवाचून हस्तांतर करायचं नाही. अनेकांनी रक्कम भरली नाही. पुढं अनेक तलाठ्यांनी हातानं नवा सातबारा लिहिताना ती अट उतरवली नाही. एका पिढीत अट कागदावरून गेली, कायद्यातून गेली नाही. माझ्या मेहुण्यांनी जमीन घेतली ती तिसऱ्या खरेदीदाराकडून. पहिल्यालाही माहीत होतं की नाही, देव जाणे. आणि देवस्थानं, दर्गे, मशिदी यांची इनामं तर त्या कायद्यानं रद्द केलीच नाहीत. खिदमतमाश आजही खिदमतमाश आहे. पुजाऱ्याच्या किंवा मुजावराच्या नावे सातबारा दिसला, माणूस गोड बोलला, भाव निम्मा सांगितला, म्हणून भुलू नका.

2024 मध्ये सरकारनं मददमाशच्या बाबतीत दुरुस्ती केली. पूर्वी असली जमीन नियमित करायला बाजारभावाच्या निम्मा नजराणा पडे, तो 5 टक्क्यांवर आला. मराठवाड्यातल्या हजारो घरांना यातून दिलासा आहे. माझं मत विचाराल तर हे पन्नास वर्षं आधी व्हायला हवं होतं.

आता बार्शी. ही माझी आवडती गोष्ट आहे, कारण पुण्या-सोलापूरकडचे लोक इथंच हमखास चुकतात. बार्शी तालुका इंग्रजांचा, मुंबई इलाख्यातला, तिन्ही बाजूंनी निजामाचा मुलूख. त्यामुळे बार्शीला लागू झाला 1948 चा मुंबईचा कूळकायदा, आणि शेजारच्या भूम-परांडा-धाराशिवला 1950 चा हैदराबादचा. मुंबईच्या कायद्यात 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन. त्या दिवशी कसणारं कूळ मालक झालं असं सरसकट धरलं जातं, आणि तिकडचा वकील उतारा हातात घेतला की आधी तीच तारीख शोधतो. आपल्याकडे तो दिवस शोधून उपयोग नाही. इथं 'संरक्षित कूळ' नावाचा वेगळा वर्ग आहे, त्याची वेगळी यादी आहे, त्याला मालकी मिळण्याची वेगळी कलमं आहेत, आणि त्यानं विकत घेतलेली जमीन पुढं विकायची तर कलम 50-ब पाहावं लागतं. एकाच रस्त्यावर, एकाच रंगाची माती, मध्ये फक्त जिल्ह्याची पाटी. पाटीच्या अलीकडचा कायदा वेगळा आणि पलीकडचा वेगळा. 1960 ला महाराष्ट्र एक झाला तरी ही रेघ पुसली गेली नाही.

याच काळातला आणखी एक धागा म्हणजे गायरान आणि भूदान. भूदानाची चळवळ हैदराबाद संस्थानातच सुरू झाली, 1951 साली पोचमपल्लीला. भूदानात मिळालेली जमीन विकायची नसते. आणि मराठवाड्यात गायरानाचा प्रश्न हा भूमिहीनांच्या हक्काचा प्रश्न आहे. 1959 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली पडीक जमिनींसाठी सत्याग्रह झाला, माणसं तुरुंगात गेली. पुढं 1990 पर्यंतची काही अतिक्रमणं सरकारनं त्या कुटुंबांच्या नावे केली, तीही वर्ग 2 म्हणूनच. एजंट तुम्हाला "पडीक आहे, कुणी येत नाही" म्हणून जो माळ दाखवतो, त्यावर एखाद्या घरानं तीस वर्षं ज्वारी-तूर घेतलेली असू शकते. पावसाळ्यात जाऊन बघा. उन्हाळ्यात सगळीच जमीन पडीक दिसते. आणि लोहारा-उमरग्याकडे फिरत असाल तर हेही लक्षात असू द्या की सास्तूरच्या पट्ट्यात आज जिथं मोकळी जागा दिसते तिथं 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेपर्यंत गाव नांदत होतं.

कायद्याचं पुरे. थोडं भावाबद्दल, कारण त्यासाठीच लोक जमीन घेतात.

"रेल्वे येणार आहे", "हायवे जाणार आहे", हे वाक्य या जिल्ह्यात शंभर वर्षांहून जुनं आहे. बार्शी लाइट रेल्वे 1897 ला सुरू झाली, कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत. मग ती पुढं सरकत येडशी, तेर करत 1911 मध्ये लातूरला पोचली. जिल्ह्याचं ठाणं असलेलं धाराशिव बाजूला राहिलं. लातूर तेव्हा तालुक्याचं गाव. त्याची बाजारपेठ कुठल्या कुठं गेली, आणि 1982 मध्ये ते आपल्याच जिल्ह्यातून फुटून स्वतः जिल्हा झालं. धाराशिव शहरात गाडी आली ती रुंद रुळांचं काम झालं तेव्हा, मार्ग वळवून, 2007-08 च्या सुमारास. म्हणजे शंभर वर्षं. या शंभर वर्षांत 'स्टेशन इथं होणार' म्हणून किती जणांनी किती माळ घेतला असेल याचा हिशेब कुणी ठेवला नाही. आज सोलापूर-तुळजापूर-धाराशिव मार्गाचं आणि महामार्गांचं तेच चाललंय. नकाशावरची रेघ हलते. ती हलली नाही आणि नेमकी तुमच्या जमिनीतूनच गेली, तर जमीनच जाते. मोबदला मिळतो तो आजूबाजूच्या नोंदलेल्या व्यवहारांवरून, एजंटाच्या तोंडच्या भावावरून नव्हे.

आणि पाणी. हा पर्जन्यछायेतला मुलूख. 1972 तुम्हाला आठवत नसेल, पण 2016 चा एप्रिल आठवत असेल, शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तो. 'फार्महाउस प्लॉट' म्हणून जो माळ विकतात तिथल्या शेजाऱ्याला मे महिन्यात विचारा, बोअर किती फुटांवर गेली आणि आज चालू आहे का. याला इतिहास लागत नाही.

मेहुण्यांनी मला नंतर विचारलं, "1998 ला मी तुमच्याकडे आलो असतो तर काय सांगितलं असतंत?" मी म्हटलं, सातबारा पुढून वाचू नका, मागं मागं जा. आजच्या उताऱ्यावरचे फेरफार नंबर घ्या, एकेक फेरफार काढा, प्रत्येकात आधीचा मालक सापडतो, त्याचा फेरफार काढा. गट नंबरावर थांबू नका. एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट झाले, त्या योजनेच्या पत्रकात जुना नंबर मिळतो, आणि जुन्या गठ्ठ्यांत शोधायचं ते त्या नंबरानं. असं करत 1954-55 च्या खासरा पत्रकापर्यंत पोचा. तिथं इनाम किंवा कूळ दिसलं तर त्याच्याही मागं, निजामाच्या कागदांत. तिथं सन फसली असतो, त्यात साधारण 590 मिळवा. 1317 फसली म्हणजे 1907-08. जमीन लातूर, औसा या भागातली असेल तर 1982 च्या आधीचे गठ्ठे कुठल्या कार्यालयात आहेत ते आधी विचारा, नाहीतर दोन हेलपाटे पडतील.

ते म्हणाले, "पण मी तर खरेदीखत नोंदवलं होतं. सरकारनं मुद्रांक घेतलाच की." हा प्रश्न सगळेच विचारतात. नोंदणी कार्यालय दस्त नोंदवतं, विकणारा खरा मालक आहे याची हमी देत नाही. सातबारा हाही महसुलाचा कागद. सारा कुणाकडून घ्यायचा हे कळावं म्हणून तो जन्मला. महसूल अधिनियमाप्रमाणे त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, आणि मेहुण्यांच्या बाबतीत उलट सिद्ध करणारा कागद अभिलेख कक्षात सत्तर वर्षं पडून होता. कुणी लपवला नव्हता. अर्ज करून थोडी फी भरली असती तर 1998 लाही मिळाला असता.

मेहुण्यांनी आता नजराण्याचा अर्ज केलाय. पोरीचं लग्न कधीच झालं, त्यासाठी घर गहाण पडलं होतं, ते गेल्या वर्षी सुटलं. उन्हाळ्यात दगड मोजायला ते अजून जातात. या मे महिन्यात मलाही घेऊन गेले. दोघांनी दोनदा मोजले. पूर्वेच्या बांधाचा एक दगड कमी भरला. शेजाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "गुरुजी, तो आमच्या आज्यापासून नव्हताच." मोजणीचा अर्ज भरा असं सांगून आलोय.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.